चार वर्षांत वसूल

माझा भाऊ हुशार आहे, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. मी त्याच घरात राहते, फक्त त्या मतात नाही.

त्याचं चिखलीत वर्कशॉप आहे. भाड्याचा गाळा, चार मशिनं, सहा कामगार. मी चाकणच्या एका कंपनीत कॉस्टिंगला आहे. गाड्यांचे सुटे भाग आम्ही छोट्या पुरवठादारांकडून करून घेतो, आणि त्या भागाची खरी किंमत किती असायला हवी हे काढणं माझं काम. पुरवठादार समोर बसून रडगाणं गातात, मी त्यांचा ताळेबंद उलटापालटा करते आणि नगामागे दोन रुपये तोडून घेते. त्यामुळे मला भेटायला कुणी हौसेनं येत नाही. नवऱ्यालाही मी फार दिवस आवडले नाही. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर आईबाबांकडे परत आले, ती इथेच आहे. घरातलं वीजबिल, किराणा आणि आईची औषधं मी भरते. मत मात्र भावाचं चालतं. तो दोन गल्ल्या सोडून बायकोमुलांसोबत राहतो आणि रविवारी मत द्यायला येतो.

त्याच्या हुशारीचा पाया म्हणजे एक जुनं मशीन. आमच्या पट्ट्यात नवं मशीन घेणारे थोडे, जुनं घेणारे फार. एखादी कंपनी बंद पडते किंवा गुजरातला जाते, तिची मशिनं निघतात, आणि वर्कशॉपवाले ती बघायला जातात. तिथे सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: किती वर्षांत वसूल? मशीन आठ लाखांचं, वर्षाला दोन लाख सुटतात, म्हणजे चार वर्षांत वसूल. पाचव्या वर्षापासून मशीन फुकटात राबतं. चार वर्षांच्या आत बसलं तर घ्यायचं, नाहीतर चहा पिऊन परत यायचं. भावाने असंच एक मशीन घेतलं आणि ते तीनच वर्षांत वसूल झालं. तेव्हापासून आमच्या बाबांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल, त्याची गणती नाही. बाबांची सगळी नोकरी देहूरोडला फॅक्टरीत गेली. लातूरकडून आलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनवर राबला, आणि पोराचं स्वतःचं मशीन वसूल झालं. त्याला एवढंसुद्धा कौतुक नसावं असं मी म्हणत नाही. पण त्या एका मशीनवर बाबांनी पुढे जे काही चढवलं, ते त्या मशीनला पेलणारं नव्हतं.

आता आईचं सांगते, कारण हे सगळं तिच्यावरूनच सुरू झालं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला साखर आणि हृदय दोन्ही नाही म्हणतात, तेव्हा जिने कमी करा. आमच्याकडे कमी करण्यासारखं काही नव्हतं. एकतर बहात्तर, नाहीतर शून्य. आई शून्याच्या बाजूने गेली. खाली जायचंच सोडलं तिने. भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढायची, आणि गॅलरीतून खालच्या बायकांशी ओरडून बोलायची. मग मागच्या गल्लीत एक तळमजल्याचा फ्लॅट निघाला. एकच खोली, स्वयंपाकघर, पुढे जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. बाबांच्या फंडाचे पैसे बँकेत होते, त्यात तो बसत होता. आईला आम्ही धरून धरून खाली उतरवलं आणि दाखवायला नेलं. ती आत गेली, खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून उभी राहिली. "हितून माणसाचं तोंड दिसतंय," म्हणाली. "वरून नुसती टाळकी दिसायची." मालक भला होता. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला.

त्याच्या पुढच्या रविवारी भाऊ जेवायला आला आणि ताटाशेजारी मोबाइल ठेवून बसला.

"बाबा, एक शेअर बघा. वीज बनवणारी कंपनी आहे. शेअर ऐंशी रुपयांना, आणि वर्षाचा नफा एका शेअरमागे वीस रुपये. ऐंशी भागिले वीस, चार. याला पी-ई म्हणतात. बाकीच्या वीज कंपन्या पंधराला चालल्यात, ही चारला. वीज काय बंद होणारे का राव?"

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे चार वर्षांत वसूल?"

"वसूल! पाचव्या वर्षापासून फुकट."

तो पुढे सगळं समजावत गेला. फंड वर्षभर यात ठेवायचा. बाजाराला अक्कल आली की चारचे आठ तरी होतील, म्हणजे पैसे दुप्पट. मग हा तळमजल्याचा खुराडा कशाला, माण गावात आयटीवाल्यांच्या शेजारी दोन बेडरूमचा, लिफ्टचा फ्लॅट. आईसाठी लिफ्ट. हे शेवटचं त्याने दोनदा म्हटलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला आईला लिफ्टमधून खाली येताना बघायचंच होतं, शिवाय ती लिफ्ट आपण आणली असं लोकांनी म्हणायला हवं होतं. या दोन इच्छांमधली कुठली मोठी, हे त्याला स्वतःलाही माहीत नसावं.

मी म्हटलं, "मशीनचे दोन लाख तुझ्या खिशात येतात. शेअरचे वीस रुपये तुझ्या खिशात येत नाहीत, ते कंपनीकडेच राहतात. आणि मशीन घेताना तू विचारतोस ना, त्यावर करायचा जॉब किती वर्षं मिळणार आहे? इथे विचारलंस?"

"तू जेव," भाऊ म्हणाला.

मी जेवले. पण माझ्या डोक्यात एकदा आकडा शिरला की तो सोडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो, कुणीही उतरवून घ्यावा. आठवडाभर मी तो कंपनीच्या बसमध्ये वाचला. जाताना तळवड्याच्या चौकात बस अर्धा तास अडकते आणि येताना पाऊण तास. एवढ्या वेळात माणूस काहीही वाचून काढतो.

वीस रुपयांतले पंधरा रुपये वीज विकून आलेच नव्हते. कंपनीने त्या वर्षी आपला पवनचक्क्यांचा एक प्रकल्प विकला होता, त्याचा तो फायदा. एकदाच विकता येणारी वस्तू. घरातलं कपाट विकलं आणि त्या महिन्याचा पगार वाढला असं सांगितलं, तसा हा प्रकार. ते पंधरा काढले की उरतात पाच. ऐंशी भागिले पाच, सोळा. म्हणजे बाकीच्या कंपन्यांपेक्षा स्वस्त तर नाहीच, उलट किंचित महागच.

दुसरं कर्ज. पी-ईला कर्ज दिसत नाही, कारण तो फक्त शेअरची किंमत बघतो. वीज कंपन्या कर्जावर उभ्या असतात. या कंपनीच्या डोक्यावर एका शेअरमागे एकशेवीस रुपये कर्ज होतं. म्हणजे तुम्ही ऐंशी दिले तरी धंद्याची खरी किंमत दोनशे धरावी लागते. व्याज, घसारा आणि कर कापण्याआधी धंदा कमावत होता शेअरमागे वीस; हे वीस वेगळे, आकडा फक्त तोच. दोनशे भागिले वीस, दहा पट. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या तीन कंपन्यांचं मी असंच काढलं. त्या सात-आठ पटीला मिळत होत्या. आणि तिसरी गोष्ट मागे कुठेतरी बारीक अक्षरात होती: या कंपनीची वीज सरकारला ठरल्या भावाने विकायचा करार वर्षभरात संपत होता. पुढचा भाव कळलेला नव्हता. भावाच्या भाषेत सांगायचं तर मशीन चार वर्षांत वसूल, पण जॉब एकाच वर्षाचा.

हे सगळं मी एका कागदावर टाइप केलं. दोन रकाने, एका बाजूला तो सांगतो ते, दुसऱ्या बाजूला आहे ते. ऑफिसातही मी असेच कागद करते आणि ते बघून भलेभले गप्प बसतात.

पुढच्या रविवारी कागद बाबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा लावून वाचला, खरंच वाचला. एका ठिकाणी बोट ठेवून थांबलेही. मग त्यांनी भावाकडे बघितलं.

भावाने कागद उचलला. "हे काय, नटबोल्टचं कॉस्टिंग आहे का? ताई, तू दोन रुपये तोडणारी बाई. बाजार तुझ्यासारख्यांच्या वरचा आहे. एवढं सगळं आधीच कळत असतं तर बसने चाकणला गेली असतीस का?"

"करार संपतोय, ते वाच."

"करार नवा होतो. वीज लागतेच."

"कुठल्या भावाने?"

"बाबा, हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," तो म्हणाला. "नवऱ्यातही दिसली होती."

स्वयंपाकघरात आईच्या हातून पक्कड खाली पडली. बाबांनी चष्मा काढून मिटला. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, आता तरी ते म्हणतील, तोंड सांभाळ. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कामून नाट लावायलीस? त्यानं मशीन घेतलं तवाबी तू असंच म्हणली होतीस." मी मशीनच्या वेळी एक अक्षर बोलले नव्हते. मी तेव्हा सासरी होते.

आई दारात येऊन उभी राहिली. तिला शेअरमधलं काही कळत नव्हतं आणि तिने कळून घ्यायचा आवही आणला नाही. एवढंच विचारलं, "मग तळमजल्याचं काय म्हणायचं त्या माणसाला?"

"आई, लिफ्टचा घेतोय ना," भाऊ म्हणाला.

त्या दिवसापासून मी घरात बोलणं बंद केलं. ताट वाढलं की जेवायचं, बिल आलं की भरायचं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार? खरं सांगायचं तर मला राग शेअरचा नव्हताच. भावाने माझा नवरा काढला तेव्हा बाबा त्याला काही बोलले नाहीत, त्याचा होता. तो राग मी रोज सकाळी डब्याबरोबर घेऊन निघायची आणि संध्याकाळी जसाच्या तसा परत आणायची.

आता जे सांगते, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांचं शेअरचं खातं मागे कधीतरी मीच उघडून दिलं होतं. त्यांच्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता आणि त्यांना मेसेज उघडता यायचा नाही, म्हणून नंबर माझा दिला. भावाने आता त्याच्या मोबाइलवर ते खातं चालू करायला घेतलं, तर ओटीपी माझ्या फोनवर येणार. तो आल्याशिवाय आत जाता येत नाही.

मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजत आले होते. माझ्यासमोर भोसरीचा एक पुरवठादार बसला होता, आणि गंमत बघा, त्याने त्या वर्षी एक जुनं प्रेस मशीन विकून आलेले पैसे नफ्यात दाखवले होते. मी ते नफ्यातून काढून त्याला म्हणत होते, "हे धरायचं नसतं. हे पुढच्या वर्षी येणार आहे का?" तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"तुज्या फोनवर सा आकडे आलेत बघ," ते म्हणाले. मागून भावाचा आवाज आला, "पटकन सांगायला सांगा, वेळ संपतो."

आकडे आले होते. मला दिसत होते. आमच्या त्या मीटिंगच्या खोलीत नेटवर्कची कायम बोंब असते. आले नाहीत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सांगत नाही, असंही म्हणता आलं असतं. बाबा चिडले असते, भावाने दोन दिवस तमाशा केला असता आणि मग माझा नंबर बदलायला फॉर्म भरत बसला असता. फॉर्म भरण्यात तो इतका आळशी आहे की तेवढ्यात दिवाळी आली असती आणि तळमजल्याचा व्यवहार होऊन गेला असता. हे सगळं मला त्या दोन श्वासांत कळलं. समोर पुरवठादार माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मला एकच दिसत होतं: भाऊ तोंडावर पडलेला, आणि बाबा चष्मा काढून माझ्याकडे बघतायत.

मी सहा आकडे सांगितले. हळू, एकेक करून, चुकू नये म्हणून. आणि वर म्हटलं, "घ्या. बुडा एकदाचे."

फोन ठेवला आणि त्या पुरवठादाराचे दोनाऐवजी तीन रुपये तोडले.

बुडायला फार वेळ लागला नाही. पुढच्या वर्षीच्या नफ्यात पवनचक्क्या नव्हत्या. करार नवा झाला, पण भाव पडला. शेअरमागे नफा आला दोन रुपये आणि शेअर बत्तीसवर येऊन बसला. ऐंशीला घेतलेला. भाऊ म्हणाला, आता तर अजून स्वस्त झालाय. मी ताटावर बसल्या बसल्या म्हटलं, "बत्तीस भागिले दोन. सोळा वर्षांत वसूल का?" बाबांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हे मी लपवत नाही. तो कागद मी जपून ठेवला होता. तो काढून फ्रिजवर लावला, चुंबकाने. बाबा पाणी घ्यायला जायचे तेव्हा त्यांना तो वाचावाच लागायचा. तीन आठवडे तो तिथे होता. मग एक दिवस नव्हता. कुणी काढला ते मी विचारलं नाही.

शेअर अजून विकलेले नाहीत. विकलं तर तोटा पक्का होतो, असं भावाचं म्हणणं आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. आमच्याकडे बैल आईचा होता. भाऊ आता रविवारी येत नाही, आला तर मोबाइल खिशात ठेवतो. तळमजल्याचा फ्लॅट एका मेसवाल्याने घेतला. त्या खिडकीच्या कट्ट्यावर आता डब्यांची चळत असते.

गेल्या महिन्यात आईच्या पायाला सूज आली आणि दवाखान्यात न्यावंच लागलं. सकाळची दहाची वेळ, बाबा रिक्षा थांबवायला पुढे गेले होते. मी एका हातात प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं, दुसऱ्या हाताने आईला धरलं. आमची पद्धत अशी आहे: एक जिना उतरायचा, स्टूल टाकायचं, तिने बसायचं, मग पुढचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली. तिचे गुडघे साडीतूनही सुजलेले दिसत होते.

माझं तोंड सुटलं. म्हटलं, "बघ, तुझ्या लाडक्याची लिफ्ट. आणि तुझ्या नवऱ्याची अक्कल. मी कागदावर लिहून दिलं होतं. एकाने ऐकलं नाही माझं." हे मी तिला पहिल्यांदा म्हणत नव्हते. दर जिन्याला म्हणायची. ती नेहमी गप्प बसायची, आणि मला वाटायचं तिला पटतंय.

आईने पदर खाली घेतला.

"तुजा फोन त्यांनी स्पीकरला लावला हुता," ती म्हणाली. "म्या तितंच हुते, भाजी निवडत."

मी तिला उठवायला हात पुढे केला.

"म्या म्हणलं, ही सांगायची न्हाई. माजी पोरगी न्हाई सांगायची." ती कठड्याला धरून उठायला लागली. "तू सगळे आकडे सांगितलेस. बुडा म्हणलीस. म्या बी त्यातच हुते की गं."

तिने हात पुढे केला नाही. कठडा धरून ती पहिली पायरी उतरली, मग दुसरी, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी स्टूल उचललं आणि तिच्या मागून उतरायला लागले. अजून छत्तीस पायऱ्या होत्या.